गहुलीचे वकीलसाहेब आणि तुमची जिल्हा परिषद

साखरा हे गाव हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात आहे. गाव जागचं हललेलं नाही, पण पत्ता किती वेळा बदलला बघा. सप्टेंबर १९४८ पर्यंत साखरा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. मग ते भारतातल्या हैदराबाद राज्यात आलं. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात गेलं आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. जिल्हा तेव्हा परभणी. हिंगोली वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. म्हणजे साखऱ्यात जन्मलेल्या एखाद्या आजोबांनी घर न सोडता चार राज्यं आणि दोन जिल्हे पाहिले.

एवढे पत्ते बदलले तरी गावातल्या माणसाचा प्रश्न तोच राहिला. शाळेचं छत गळतंय, दवाखान्यात डॉक्टर नाही, पावसाळ्यात रस्ता वाहून गेलाय. सांगायचं कुणाला? ग्रामपंचायतीच्या गल्ल्यात तेवढा पैसा नाही. मंत्रालय मुंबईत, पाचशेच्या वर किलोमीटर लांब. दिल्लीचं तर नावच काढू नका. या दोन टोकांच्या मधे कुणीतरी हवं, ज्याच्या दारात सकाळी एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येईल.

ते दार म्हणजे जिल्हा परिषद. तुमच्यापैकी कितीतरी जण ‘झेडपी’च्या शाळेत शिकलात. शाळेच्या कमानीवर ते नाव रोज वाचलंत. पण ही व्यवस्था आज जशी आहे तशी का आहे, आणि ती कुणाच्या डोक्यातून आली, हे शाळेत फारसं कुणी सांगत नाही. वसंतराव नाईक म्हटलं की आपल्याला आठवतो तो १ जुलैचा कृषी दिन, हरितक्रांती आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाची पाटी. मुख्यमंत्री व्हायच्या आधी त्यांनी केलेलं एक काम मात्र त्या पाटीमागं झाकलं गेलं. आज त्याचीच गोष्ट.

तांड्यावरून नागपूरला

वसंतराव फुलसिंग नाईक यांचा जन्म १ जुलै १९१३ चा. गाव गहुली, तालुका पुसद, जिल्हा यवतमाळ. हिंगोलीकरांसाठी हे काही परकं मुलूख नाही. कळमनुरीकडून पैनगंगा ओलांडली की पलीकडं पुसद तालुका. नदीच्या अलीकडं निजामाचं राज्य होतं आणि पलीकडं इंग्रजांचा वऱ्हाड. घर बंजारा समाजाचं. आजोबा चतुरसिंग यांनी गहुलीचा तांडा वसवला आणि नाईकपण त्या घराकडं आलं. तांड्याचा नाईक म्हणजे काय, हे सेनगाव तालुक्यातल्या तांड्यांवरच्या पोरांना सांगायला नको. भांडण असो, लग्न असो की दुष्काळ, लोक आधी नाईकाच्या दारात येतात. लोकांचं ऐकून घेऊन निवाडा करायचा, ही गोष्ट वसंतरावांनी घरातच पाहिली.

तांड्यावर पुढच्या शिक्षणाची सोय नव्हती. शिकायचं तर घर सोडून गावोगाव राहणं आलं. तसं करत करत हा मुलगा नागपूरला पोहोचला, मॉरिस कॉलेजातून पदवीधर झाला आणि १९४० मध्ये वकील झाला. अमरावतीत काही काळ डॉ. पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली काम केलं आणि मग पुसदला स्वतःची वकिली सुरू केली. १९४१ मध्ये त्यांनी नागपूरच्या वत्सला घाटे यांच्याशी लग्न केलं. मुलगा बंजारा, मुलगी ब्राह्मण, आणि साल १९४१. आजही अशा लग्नावर घराघरांत काय बोललं जातं ते तुम्हाला माहीत आहे, तेव्हाचं काय सांगावं. दोन्ही बाजूंनी विरोध झाला. दोघं मागं हटले नाहीत. वत्सलाबाई पुढं पुसद भागातल्या सामाजिक कामात उतरल्या.

पुसदच्या कोर्टात येणारा पक्षकार म्हणजे मुख्यतः शेतकरी. सावकाराचं कर्ज, बांधाचा वाद, महसूल खात्याची नोटीस. कायदा कागदावर काय म्हणतो आणि शेतकऱ्यापर्यंत पोहोचेपर्यंत त्याचं काय होतं, हे वकीलसाहेब रोज बघत होते. १९४६ मध्ये ते पुसदचे नगराध्यक्ष झाले. गटारं, दिवाबत्ती, पाणी. राजकारणाची सुरुवात अशी झाली, एकदम खालच्या पायरीवरून.

१९५२ मध्ये ते पुसदमधून आमदार झाले, पण महाराष्ट्राचे नाही. तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. तिथं ते महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आल्यावर ते आधी सहकार आणि मग कृषी खात्याचे मंत्री झाले. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांनी त्यांच्याकडं महसूल खातं दिलं. हे खातं लक्षात ठेवा, पुढं त्याचाच मुद्दा आहे.

एक राज्य, तीन तऱ्हा

नवा महाराष्ट्र नकाशावर एक दिसत होता, पण कारभार तीन तऱ्हांचा होता. पश्चिम महाराष्ट्रात इंग्रजांच्या काळापासूनची जिल्हा लोकल बोर्डं होती. विदर्भानं मध्य प्रदेशातला जनपद सभांचा प्रयोग पाहिला होता. आणि आपल्या मराठवाड्यात? इथं निजामाच्या काळात जिल्ह्याचा मालक म्हणजे अव्वल तालुकदार, म्हणजे आजच्या भाषेत कलेक्टर. लोकांनी निवडून दिलेल्या माणसांनी जिल्हा चालवायचा, ही सवयच इथल्या मातीला लागू दिली गेली नव्हती.

त्याच वेळी दिल्लीतही याच प्रश्नावर विचार सुरू होता. बलवंतराय मेहता यांच्या समितीनं नोव्हेंबर १९५७ मध्ये अहवाल दिला. गाव, तालुका किंवा गट आणि जिल्हा अशा तीन पायऱ्यांची पंचायत व्यवस्था आणा, असा त्याचा मथितार्थ. २ ऑक्टोबर १९५९ ला राजस्थानातल्या नागौरला पंडित नेहरूंच्या हस्ते सुरुवातही झाली. मेहता समितीनं खरी ताकद मधल्या पायरीला, पंचायत समितीला दिली होती. जिल्हा परिषद फक्त सल्ला देणारी. तिचा अध्यक्ष कलेक्टर, आणि सभासदांत खासदार, आमदार.

महाराष्ट्रानं हे जसंच्या तसं उचललं नाही. जून १९६० मध्ये, म्हणजे राज्य जन्मून दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा सरकारनं लोकशाही विकेंद्रीकरणासाठी एक समिती नेमली. अध्यक्ष वसंतराव नाईक. समितीनं मार्च १९६१ मध्ये अहवाल दिला. त्यात २२६ शिफारशी होत्या. नऊ महिन्यांत अहवाल, त्याच वर्षी विधिमंडळात कायदा आणि १ मे १९६२ पासून अंमलबजावणी. आज एखाद्या समितीला मुदतवाढ मिळायलाच जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात राज्यात २५ जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या.

आपल्याच खात्याची ताकद कमी केली

आता समितीनं नेमकं काय केलं ते बघू. नागरिकशास्त्राच्या पेपरात हे दोन मार्कांना येतं, पण त्याच्यामागचं राजकारण पेपरात येत नाही.

पहिला निर्णय म्हणजे ताकद जिल्ह्याच्या पायरीला द्यायची. कारण सरळ होतं. तालुका एवढा लहान की त्याला चांगले इंजिनिअर, डॉक्टर, शेतीतले तज्ज्ञ परवडणार नाहीत. राज्य एवढं मोठं की त्याला साखऱ्याचा रस्ता दिसणार नाही. जिल्हा मात्र योग्य मापाचा. तिथं तज्ज्ञही ठेवता येतात आणि माणसं एकमेकांना ओळखतातही.

दुसरा निर्णय म्हणजे जिल्हा परिषदेचे सदस्य लोकांनी थेट मतदानानं निवडायचे. आमदार, खासदारांना तिथं जागा नाही. आमदाराचं काम कायदे करणं आणि सरकारला जाब विचारणं. तोच जिल्हा परिषदेत येऊन बसला तर नव्या माणसाला बोलायला कोण देणार? गावातून नवं नेतृत्व यायचं असेल तर वडाच्या सावलीत रोप लावून चालत नाही.

तिसरा निर्णय सगळ्यात धाडसी. कलेक्टरला जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवायचं. अध्यक्ष लोकांनी निवडलेल्या सदस्यांतला. प्रशासन सांभाळायला वेगळा वरिष्ठ अधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी, ज्याला आपण सीईओ म्हणतो. शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रं, गावरस्ते, लहान पाटबंधारे, पशुवैद्यकीय दवाखाने, शेतीचा विस्तार ही कामं राज्याच्या खात्यांतून काढून जिल्हा परिषदेकडं दिली. कामाबरोबर कर्मचारीही दिले आणि पैशांची तरतूदही केली.

इथं ते महसूल खातं आठवा. दीडशे वर्षं जिल्ह्याचा राजा कलेक्टर होता आणि कलेक्टर महसूल खात्याचा माणूस. अहवालावर सही करणारे नाईक स्वतः महसूल मंत्री होते. म्हणजे त्यांनी अधिकार काढून घेतले ते आपल्याच खात्याच्या माणसांचे. मंत्री सहसा आपल्या खात्याचा पसारा वाढवतात. आपल्या ताटातलं दुसऱ्याच्या ताटात वाढणारा मंत्री तुम्ही कितीदा पाहिलाय?

या रचनेतून पुढं काय आलं तेही बघा. सांगली जिल्हा परिषदेच्या सदस्यापासून सुरुवात करून आर. आर. पाटील उपमुख्यमंत्रिपदापर्यंत पोहोचले. बाभळगावच्या सरपंचपदापासून पंचायत समिती, जिल्हा परिषद अशा पायऱ्या चढत विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. दोघांचीही शाळा एकच.

सहाव्या मजल्यावरची अकरा वर्षं

नोव्हेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचं निधन झालं आणि ५ डिसेंबर १९६३ ला वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत, म्हणजे सलग अकरा वर्षांहून जास्त काळ ते त्या खुर्चीवर होते. एवढा काळ महाराष्ट्रात दुसरं कुणीच मुख्यमंत्री राहिलेलं नाही.

त्यांच्या वाट्याला आला तो धान्याचा तुटवडा. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी तुमच्या आजीला विचारा, तिला अजून चव आठवत असेल. १९६५ मध्ये पुण्यात शनिवारवाड्यासमोर त्यांनी जाहीर करून टाकलं, की दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर आपल्याला फासावर द्या. ते काही दोन वर्षांत पूर्ण झालं नाही, हे खरं. पण संकरित ज्वारीचं बियाणं, विहिरी, पंप, खतं यांच्यामागं सरकारनं जोर लावला आणि शेतीची चर्चा सरकारी बैठकांच्या मध्यभागी आली.

मग आला १९७२ चा दुष्काळ. गावंच्या गावं खडी फोडायला, पाझर तलाव खोदायला बाहेर पडली. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. या काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. मागेल त्याला काम, आणि त्यासाठीचा पैसा पुढं शहरातल्या नोकरदारांवरच्या व्यवसाय करातून. त्याचा कायदा १९७७ मध्ये झाला. २००५ मध्ये दिल्लीनं देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा समोर महाराष्ट्राचाच नमुना होता.

इथं जरा थांबा. दिल्लीनं १९५७ मध्ये पंचायतीचा आराखडा दिला, महाराष्ट्रानं तो आपल्या जमिनीला मानवेल असा बदलला. महाराष्ट्रानं रोजगार हमी करून दाखवली, दिल्लीनं ती उचलली. मधली पायरी मजबूत असली की कल्पना वरून खाली येतात तशा खालून वरही जातात. पायरी तुटली की वरून फक्त आदेश येतात.

मराठवाड्याचा हिशोब

एवढं सगळं चांगलं होतं, तर मग मराठवाडा रस्त्यावर का उतरला? हा प्रश्न टाळून वसंतरावांची गोष्ट पूर्ण होत नाही.

मराठवाडा महाराष्ट्रात आला तो बिनशर्त. पण सिंचन, रेल्वे, उद्योग, कॉलेजं सगळ्यांत मागं राहिला. कृषी विद्यापीठ आधी १९६८ मध्ये राहुरीला झालं, १९६९ मध्ये अकोल्याला. परभणीला मिळालं ते १८ मे १९७२ ला, आणि त्यासाठीही आंदोलन करावं लागलं. आज त्याच विद्यापीठाला नाव आहे वसंतराव नाईकांचं. १९७४ मध्ये मराठवाडा विकास आंदोलन पेटलं. पुढं गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखी ज्येष्ठ माणसं त्यात होती, पण ठिणगी टाकली ती तुमच्याच वयाच्या कॉलेजच्या पोरांनी. मागण्या नोकऱ्यांच्या होत्या, विकासाच्या होत्या. मुख्यमंत्री होते नाईक.

यातला धडा महत्त्वाचा आहे. जिल्हा परिषदेला अधिकार दिले म्हणून मागास भागाचा अनुशेष आपोआप भरत नाही. जिल्ह्याला रस्ता करता येतो, धरण करता येत नाही. शाळा चालवता येते, विद्यापीठ आणता येत नाही. ते पैसे राज्याच्या तिजोरीतून यायचे असतात आणि तिजोरीची किल्ली मुंबईत असते. विकेंद्रीकरणाचं अर्धं काम नाईकांनी केलं. विभागाविभागांत पैसा न्याय्य वाटला जावा, हे दुसरं अर्धं काम त्यांच्या हातून पूर्ण झालं नाही. पुढं त्यासाठी १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली, त्यांचीही मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली.

आणखी एक गोष्ट. ज्या आमदारांना जिल्हा परिषदेच्या दारातून आत घेतलं नव्हतं, ते दुसरीकडून आले. सत्तरच्या दशकात जिल्ह्याच्या नियोजनासाठी मंत्र्याच्या अध्यक्षतेखाली वेगळी मंडळं तयार झाली. आज जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष पालकमंत्री असतो आणि जिल्ह्यातल्या विकासाचा पैसा कुठं जाणार हे तिथं ठरतं. कलेक्टरही तिथं सचिव म्हणून बसलेले असतात. दुसऱ्या बाजूनं दिल्लीचा पैसा जिल्हा परिषदेला वळसा घालू लागला. चौदाव्या वित्त आयोगानं २०१५ ते २०२० या काळात आपला निधी फक्त ग्रामपंचायतींना दिला. पंधराव्या आयोगानं पुन्हा तिन्ही पायऱ्यांना वाटा दिला. मधली पायरी हवी की नको, हा वाद असा अजून चालूच आहे.

फेब्रुवारी १९७५ मध्ये दिल्लीतल्या पक्षश्रेष्ठींच्या निर्णयानं नाईकांना पद सोडावं लागलं. जागेवर आले शंकरराव चव्हाण, मराठवाड्यातले पहिले मुख्यमंत्री. ज्यानं जिल्ह्याला निर्णयाचा अधिकार दिला, त्याच्या स्वतःच्या खुर्चीचा निर्णय दिल्लीत झाला. १९७७ मध्ये वाशिममधून ते लोकसभेवर निवडून गेले. १८ ऑगस्ट १९७९ ला सिंगापूरमध्ये त्यांचं निधन झालं.

तुमचा गट कोणता?

आता थेट तुमच्याकडं येऊ. हिंगोली जिल्हा परिषदेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. तेव्हा तुमच्यापैकी बहुतेक जण शाळेत होता. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली. राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीनुसार दर पाच वर्षांनी निवडणूक व्हायलाच हवी. पण ओबीसी आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि हिंगोलीसकट राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले. तीन वर्षांहून जास्त काळ ना सदस्य, ना सभापती, ना अध्यक्ष. कारभार अधिकाऱ्यांच्या सहीनं. निजामाच्या अव्वल तालुकदाराला हे चित्र ओळखीचं वाटलं असतं.

गंमत म्हणजे याबद्दल फारशी ओरड झाली नाही. विधानसभा तीन वर्षं बंद ठेवली असती तर टीव्हीवर केवढा गोंधळ झाला असता! तुम्ही पहिलं मतदान कदाचित २०२४ मध्ये लोकसभेला केलं असेल, बोटाचा फोटो स्टेटसला टाकला असेल. छान. पण ज्या शाळेत तुम्ही शिकलात, ज्या दवाखान्यात तुमच्या बहिणीच्या बाळाला लस दिली, ज्या रस्त्यावरून कॉलेजची बस येते किंवा येत नाही, त्यातलं बरंचसं जिल्हा परिषदेच्या सभागृहात ठरायचं असतं.

म्हणून एक सोपं काम सांगतो. तुमचं गाव जिल्हा परिषदेच्या कुठल्या गटात येतं, ते शोधा. मागच्या निवडणुकीत तिथून कोण निवडून आलं होतं, घरी विचारा. मग सेनगावला असाल तर पंचायत समितीत, हिंगोलीला असाल तर जिल्हा परिषदेत जा आणि आपल्या गावच्या शाळेसाठी यंदा किती पैसा मंजूर झाला, ते विचारा. सांगायला टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो.

वसंतरावांनी दार बांधून दिलं. ते वाजवायचं की नाही, हे आपल्यावर आहे.